केसपेपर बाईचा, फोन नवऱ्याचा

सरकारी रुग्णालयांतून कागदाचा केसपेपर जाऊन संगणकावरची नोंद येते आहे, याची आपल्या गटांमध्ये फारशी चर्चा झालेली दिसत नाही. ‘ती तांत्रिक बाब आहे, डॉक्टर आणि इंजिनिअर बघून घेतील’ असं म्हणून आपण ती बाजूला ठेवली आहे. मला हे मुळीच मान्य नाही. बाईच्या शरीराबद्दल कोण काय लिहिणार, ते कुठे राहणार आणि उद्या ते कोण वाचणार, हा प्रश्न आपल्यासाठी तांत्रिक कधी होता? मथुराचं प्रकरण आठवा. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात त्या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. डॉक्टरने लिहिलं होतं की अंगावर जखमा नाहीत आणि योनिपटल जुनंच फाटलेलं आहे. तेवढ्या नोंदीवरून सत्र न्यायालयाने ‘हिला शरीरसंबंधांची सवय आहे’ असा निष्कर्ष काढला आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडून दिलं. त्या निकालाविरुद्ध ज्या बायका रस्त्यावर उतरल्या, त्यांच्यातूनच आपले कितीतरी गट उभे राहिले. वैद्यकीय नोंद बाईच्या विरोधात कशी उलटते, हे आपल्याला नव्याने कुणी शिकवायला नको.

मी कामोठ्याला राहते आणि पनवेल, खालापूर, कर्जत या पट्ट्यातल्या ठाकर-कातकरी वाड्यांमधल्या बायकांबरोबर काम करते. कामोठे सिडकोने वसवलेलं, २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत आलेलं. आमच्या सोसायटीत पाचवीतल्या मुलाच्या हातातसुद्धा स्वतःचा फोन असतो. तिथून निघून माथेरानच्या पायथ्याशी मालडुंगे-धोदाणीकडे गेलं की एका घरात एक फोन, तो नवऱ्याच्या नाहीतर थोरल्या मुलाच्या खिशात. हे अंतर फार नाही, पण सरकारी योजना आखणाऱ्यांनी ते कधी चालून पाहिलेलं दिसत नाही.

योजना अशी आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ देशभर सुरू झालं. प्रत्येकाला चौदा आकडी आरोग्य क्रमांक द्यायचा, त्याला ‘आभा’ म्हणतात. (नाव तेवढं बाईचं ठेवलंय!) तपासण्यांचे रिपोर्ट, औषधं, डिस्चार्ज कार्ड या क्रमांकाला जोडायचं, म्हणजे रुग्ण देशात कुठेही गेला तरी त्याच्या परवानगीने डॉक्टरला जुनं सगळं दिसेल. सरकार सांगतं की माहिती एका जागी गोळा केली जात नाही, जिथली तिथे राहते, पाहण्याआधी रुग्णाची संमती मोबाइलवर मागितली जाते आणि हे सगळं ऐच्छिक आहे. कागदावर हे खरं आहे. धोरण मी वाचलं आहे आणि ते लिहिणारी माणसं मूर्ख नाहीत. पण त्यांच्या डोळ्यांसमोरचा रुग्ण म्हणजे स्वतःचा फोन बाळगणारा, त्यावरचा संदेश वाचून ‘हो’ की ‘नाही’ ठरवणारा आणि ‘नाही’ म्हटल्यावर ज्याला घरी मार बसत नाही असा कुणीतरी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या जेमतेम ५५ टक्के बायकांनी सांगितलं की आपण स्वतः वापरतो असा फोन आपल्याकडे आहे. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका ३८ टक्के, त्याही शहरं धरून. ज्या संमतीचा सगळा डोलारा फोनवर उभा आहे, ती संमती उरलेल्या बायकांच्या बाबतीत कोण देतं? ज्याच्या हातात फोन तो. एकाच मोबाइल क्रमांकावर घरातल्या अनेकांची आभा खाती निघतात आणि तो क्रमांक ज्याच्याकडे, त्याला ती उघडताही येतात.

गेल्या पावसाळ्यातली एक गोष्ट सांगते. बाईचं नाव, वाडी, रुग्णालय काहीच सांगणार नाही आणि ओळखीच्या खुणाही बदलल्या आहेत. दोन मुली, तिसऱ्यांदा दिवस गेलेले, नववा आठवडा. नवरा-बायको एका फार्महाऊसवर राखणीला. नवऱ्याला ‘या वेळी मुलगा होईल’ म्हणून मूल हवं होतं, तिला नको होतं. आशाताईला विश्वासात घेऊन, घरी ‘अंगावरून जातंय, गोळ्या आणते’ असं सांगून ती ग्रामीण रुग्णालयात गेली. नोंदणीच्या खिडकीवर मोबाइल नंबर विचारला. तिला एकच नंबर पाठ होता, तो तिने सांगितला. मग खिडकीतला मुलगा म्हणाला, ‘ओटीपी आला असेल, तो सांगा.’ हिला कळेना. तो समजुतीने म्हणाला, ‘अहो ताई, घरी फोन लावून विचारा ना.’ मुलगा चांगला होता, मागे रांग वाढत होती आणि दिवसाला किती आभा काढली याचा हिशेब त्याला वर द्यायचा होता. आभा नको असेल तर नुसताही केसपेपर निघतो, हे मात्र त्याने सांगितलं नाही आणि तसा फलकही तिथे नव्हता. ती मागे सरकली आणि निघून आली.

नवऱ्याच्या फोनवर गेलेल्या संदेशात गर्भपात हा शब्द नव्हता, नुसता सहा आकडी संकेतांक होता. त्याला तेवढा पुरला. दवाखान्यात कशाला गेली होतीस, माझ्या फोनवर सरकारचा मेसेज कसा आला, यावरून जे व्हायचं ते झालं. पुन्हा घराबाहेर पडायला तिला पाच आठवडे लागले. तोवर त्या रुग्णालयात करता येण्याची मुदत टळून गेली होती, अलिबागला जावं लागलं. दोन दिवसांची मजुरी, मुली शेजारणीकडे आणि घरी सांगायला दुसरं खोटं. गर्भपात सुखरूप झाला. पण नवव्या आठवड्यात अर्ध्या दिवसात व्हायची गोष्ट चौदाव्या आठवड्यापर्यंत गेली.

आता गंमत पाहा. १९७१ चा गर्भपाताचा कायदा सांगतो की अठरा वर्षांवरच्या बाईला स्वतःच्या संमतीशिवाय कुणाचीही सही लागत नाही, नवऱ्याचीही नाही. हे आपण पोस्टरं लावून, नाटकं करून वर्षानुवर्षं सांगत आलो. त्याच कायद्याखालचे २००३ चे विनियम त्याहून पुढचं सांगतात. गर्भपातासाठी आलेल्या बाईचं नाव फक्त एका दाखल-नोंदवहीत लिहायचं. ती वही गुप्त दस्तऐवज मानायची आणि प्रमुखाच्या ताब्यात ठेवायची. बाकी केसपेपर, शस्त्रक्रिया-गृहाचं रजिस्टर, पुढच्या तपासणीचं कार्ड यांपैकी कशावरही तिचं नाव येता कामा नये, नुसता अनुक्रमांक. २०२१ च्या दुरुस्तीने तर तिचं नाव वा तपशील कायद्याने अधिकार नसलेल्या कुणाला सांगणाऱ्याला एक वर्षापर्यंत तुरुंगवास ठेवला आहे. म्हणजे कागदाच्या जमान्यातल्या कायदा करणाऱ्यांना (आणि ते काही स्त्रीवादी नव्हते, लोकसंख्येच्या काळजीने पछाडलेले होते) एवढं पक्कं ठाऊक होतं की या एका गोष्टीसाठी कपाट वेगळं आणि किल्ली वेगळी लागते. संगणकाच्या पडद्यावर ते कपाट कुठे आहे? मी तीन ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी सांगितलं, ‘सॉफ्टवेअरमध्ये असेल.’ दुसरीकडे ‘तसं काही आलेलं नाही.’ तिसरीकडच्या सिस्टरनेच मला उलट विचारलं, ‘असं काही असतं का हो?’

दवाखान्यात गेलेल्या प्रत्येकीला माहीत असेल, प्रसूतीच्या तपासणीत पहिल्याच ओळीत एक सूत्र लिहितात. जी किती, पी किती, ए किती. दिवस किती वेळा गेले, बाळंतपणं किती आणि गर्भपात किती. स्वतःहून झालेला असो की करवलेला, तो या शेवटच्या अक्षरात बसतो. कागदावर ते अक्षर त्या कागदापुरतं असतं. कागद फाडता येतो, घरी नेला नाही तरी चालतो, दुसऱ्या दवाखान्यात ‘पहिलीच वेळ’ असं सांगता येतं. डॉक्टर म्हणतील, हे चूक आहे, खरा इतिहास कळायला हवा. बरोबर आहे, उपचारासाठी कळायला हवा. पण लग्नाआधीचा गर्भपात दुसऱ्या गावातल्या दवाखान्यात न सांगण्याची जी एवढीशी सोय बाईला होती, ती तिने ऐषआरामासाठी ठेवलेली नव्हती, जीव वाचवायला ठेवलेली होती. सासू शेजारी बसलेली असताना पडदा तिच्याकडेही वळलेला असतो, हे खेड्यातल्या ओपीडीत बसलेल्या कुणालाही सांगायची गरज नाही.

हीच गोष्ट बलात्काराच्या खटल्यांची. बाईचं चारित्र्य काढून साक्ष मोडायची मुभा देणारं पुराव्याच्या कायद्यातलं कलम २००३ साली गेलं. २०१४ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने लैंगिक हिंसाचाराच्या तपासणीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात आधीच्या शरीरसंबंधांचा उल्लेख करू नये असं स्पष्ट म्हटलं. दोन बोटांच्या तपासणीवर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात पुन्हा एकदा कडक शब्दांत ताशेरे ओढले. एवढ्या झगड्यानंतर जे केसपेपरवरून पुसायला लावलं, ते जुन्या नोंदीतून एका बोटाच्या सरशी तपासणाऱ्या डॉक्टरच्या समोर उभं राहणार असेल, तर आपण तेव्हा काय मिळवलं होतं?

आणि हे सहज, अनवधानाने होतंय असं मानायलाही मी तयार नाही. आपल्या आरोग्ययंत्रणेने बाईची नोंद कायम कुणासाठी ठेवली ते पाहा. ‘पात्र जोडप्यां’चं रजिस्टर कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टासाठी होतं. आणीबाणीत त्याचा काय उपयोग झाला हे सांगायला नको, आणि त्यानंतर तो बोजा पुरुषांवरून बायकांवर सरकला तो कायमचा. उद्दिष्टं कागदोपत्री १९९६ साली रद्द झाली. मग २००९ पासून माता व बालकांचा संगणकावर माग ठेवणारी यंत्रणा आली, पुढे तिची जागा दुसऱ्या पोर्टलने घेतली. तिच्या भाषेतच बघा, आरोग्यखात्याला गरोदर बाई माहीत नाही, ‘गरोदर माता’ माहीत आहे. दिवस गेल्यापासून लसीकरण संपेपर्यंत बाईचा कसून पाठपुरावा. त्याआधी आणि त्यानंतर ती कंबर धरून चालते का, तिला झोप लागते का, तिच्या अंगावर वळ आहेत का, याला रकाना नाही.

पाठपुरावा करण्याचा हा सोस किती पुढे जाऊ शकतो, ते फेब्रुवारी २०१६ मध्ये दिसलं. तेव्हाच्या केंद्रीय महिला व बालविकास मंत्री मेनका गांधी यांनी सुचवलं की प्रत्येक गरोदर बाईला गर्भाचं लिंग सक्तीने सांगावं, त्याची नोंद करावी आणि प्रसूतीपर्यंत तिच्यावर लक्ष ठेवावं. महिला संघटनांनी विरोध केला आणि ते तिथेच राहिलं. पण विचार कुठून आला? गर्भलिंगनिदानाविरुद्ध मुंबईत १९८० च्या दशकात आपण जो लढा दिला आणि १९८८ चा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राकडून करून घेतला, त्यात आपण डॉक्टरवर आणि यंत्रावर लक्ष ठेवा म्हणत होतो. कोल्हापूरला लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवला, तेव्हाही निदान दावा यंत्राच्या तपासणीचा होता. सरकारच्या हातात पडल्यावर लक्ष हळूहळू डॉक्टरवरून बाईवर येतं. आपल्यातल्याच काहीजणी ‘भ्रूणहत्या’ हा शब्द अजून वापरतात, त्यांनाही हे सांगायचं आहे. तो शब्द भिंतीवर लिहिला की बाईला कुठलाही गर्भपात गुन्हा वाटतो आणि नोंदवणाऱ्या कारकुनालाही.

पोलंडमध्ये गर्भपातावर जवळपास संपूर्ण बंदी आणल्यानंतर २०२२ साली गरोदरपणाची नोंद राष्ट्रीय वैद्यकीय माहिती यंत्रणेत घालायचा नियम झाला. अमेरिकेत त्याच वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क काढून घेतला, तेव्हा तिथल्या बायकांनी आधी काय केलं, तर पाळीची तारीख ठेवणारी ॲप्स फोनमधून काढून टाकली. आपल्याकडे कायदा तसा नाही, हे खरं. पण सतरा वर्षांच्या, लग्न होऊन दिवस गेलेल्या कातकरी मुलीला विचारा. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली डॉक्टरने पोलिसांना कळवायचं असतं, म्हणून ती दवाखान्यात जायचंच टाळते. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ ला सांगितलं की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकाने विनंती केली तर कळवताना तिची ओळख देण्याची गरज नाही. चांगला निकाल. पण आधार कार्डाने उघडलेल्या खात्यात ओळख कशी लपवायची?

आता दुसरी बाजू. आमच्या बैठकीत एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, ‘मग नकोच ती नोंद, सगळ्यांनी आभा नाकारायची.’ तिच्याशी माझं पटलं नाही. नोंद नसल्याची किंमतही आपल्याच बायका मोजतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. यांतल्या प्रत्येकीच्या हातात कशासाठी काढली, आधी कुठली तपासणी केली, सोनोग्राफीत काय होतं, याची धड नोंद असती तर खासगी डॉक्टरांना जाब विचारणं किती सोपं झालं असतं! आमच्या भागातल्या कातकरी बायका दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात त्या पावसाच्या तोंडाशी परततात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद एका पावसात लगदा होतात. रक्त किती होतं, मागचं बाळंतपण शस्त्रक्रियेने झालं की कसं, क्षयाच्या गोळ्या कुठवर आल्या, हे भट्टीजवळच्या दवाखान्याला कळलं तर त्यांचा जीव वाचेल. मला ही नोंद हवी आहे. नोंदीची प्रत मिळणं हा आपला जुना हक्क आहे. मुंबई उच्च न्यायालयाने रुग्णाला केसपेपरच्या प्रती द्यायला हव्यात असा निकाल १९९६ सालीच दिला आणि मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्यात असं भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांत आहे. प्रत्यक्षात झेरॉक्स मागितली की आजही सिस्टर डोळे मोठे करते.

म्हणजे भांडण कागद की संगणक असं नाहीच. किल्ली कुणाकडे, एवढंच आहे. हिंसाचार सोसणाऱ्या बाईबरोबर काम करताना आपण पहिल्या दिवशी शिकतो की तिला विचारल्याशिवाय घरी फोन करायचा नाही, घरी चिठ्ठी पाठवायची नाही. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू झाल्याला आता पंचवीस वर्षं झाली. सरकारी रुग्णालयात बसून बाईची गुप्तता राखता येते, हे तिथे सिद्ध झालं. ते शहाणपण या यंत्रणेत का आणलं नाही? कारण ती आखताना तिथल्या समुपदेशकांना, परिचारिकांना, आशांना कुणी विचारलं नाही.

आशांबद्दल एक राहिलंच. ही सगळी माहिती भरतं कोण? स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फोनवर, स्वतःच्या डेटावर, रात्री स्वयंपाक उरकून आशाताई भरते. २०२३ च्या ऑक्टोबरात राज्यातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या, तेव्हा मानधनाच्या बरोबरीने ऑनलाइन कामाची सक्ती नको ही त्यांची मागणी होती. वृत्तपत्रांनी मानधनाचा आकडा छापला, दुसरी मागणी आतल्या पानावर गेली. ज्या बाईने घरातलं गुपित आशाला सांगितलं, तिला ती आता तोंडापुढे फोन धरलेली दिसते. हा विश्वास एकदा गेला की पुन्हा मिळवायला किती वर्षं लागतात?

‘पण माहिती सुरक्षित आहे, कायदा आहे.’ नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या संगणकांवर हल्ला झाला आणि देशातलं एवढं मोठं रुग्णालय कित्येक दिवस हाताने केसपेपर लिहीत होतं. एम्सची ही कथा, तर ग्रामीण रुग्णालयाचं काय सांगावं, जिथे एकच पासवर्ड चौघांना ठाऊक असतो आणि तो मॉनिटरवर चिकटवलेला असतो! कायद्याचं म्हणाल तर आरोग्याच्या माहितीसाठी वेगळा कायदा करायचा मसुदा २०१८ साली निघाला होता, तो बासनात गेला. २०२३ चा वैयक्तिक माहितीचा कायदा आरोग्याच्या माहितीला कुठलंही वेगळं संरक्षण देत नाही. गर्भपाताची नोंद आणि किराणा दुकानातला पत्ता त्याच्या लेखी एकाच पंक्तीला. वर सरकारला योजना व लाभ देण्यासाठी बऱ्याच बाबतींत संमतीवाचून माहिती वापरायची मोकळीक. आपल्या बायकांचा दवाखान्याशी येणारा जवळजवळ सगळा संबंध कुठल्या ना कुठल्या योजनेतूनच येतो.

आमच्या गटाने ठरवलं आहे ते असं. आभा नसेल, फोन नसेल तरी केसपेपर मिळेल, असा ठसठशीत मराठी फलक प्रत्येक नोंदणी खिडकीवर हवा. फोन नंबर विचारताना ‘हा फोन तुमचाच आहे का, यावर निरोप आलेला चालेल का’ हे दोन प्रश्न विचारायला हवेत. गर्भपात, एचआयव्ही, मानसिक आजार आणि हिंसाचार यांची नोंद बाईने वेगळी, त्या-त्या वेळी परवानगी दिल्याशिवाय आभाला जोडायची नाही. आपली नोंद कुणी कधी उघडली याची यादी मागितल्यावर मराठीत, कागदावर मिळायला हवी. यात अशक्य असं काही नाही.

सुरुवात माहितीच्या अधिकारापासून करतो आहोत. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांसाठी अर्ज जिल्हा शल्य चिकित्सकांच्या कार्यालयात द्यायचा, प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून दोन अर्ज करा. पहिल्यात विचारा: आभाशिवाय नोंदणी करण्याबद्दलच्या लेखी सूचनांची प्रत द्या, कर्मचाऱ्यांना दिलेल्या आभाच्या उद्दिष्टांच्या पत्रांची प्रत द्या. दुसऱ्यात: २००३ च्या विनियमांप्रमाणे गर्भपाताची दाखल-नोंदवही कुणाच्या ताब्यात आहे, त्यातली माहिती संगणकावर भरली जाते का, भरली जात असल्यास कुठल्या आदेशाने, आणि ती पाहण्याची परवानगी कुठल्या पदांना आहे. बायकांची नावं किंवा आकडे मागू नका, आपल्याला ते नको आहेत. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा, दारिद्र्यरेषेखालच्या बाईने अर्ज केला तर तेही लागत नाही. पोच घ्या आणि तीस दिवस मोजा. उत्तरं आली की, किंवा आली नाहीत तरी, पुढच्या अंकाच्या आत आमच्याकडे पाठवा; रायगडची आम्ही लावून ठेवतो आहोत.